लक्ष न लागण्याची चौकशी

सन २०१३ च्या फेब्रुवारी महिन्यात पालघर येथे ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, त्याच्या वैद्यकीय पथकांनी प्रत्येक अंगणवाडीला वर्षातून दोनदा व प्रत्येक सरकारी शाळेला एकदा भेट द्यावी अशी तरतूद असून, यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत हिंडणाऱ्या या पथकांच्या हाती जी यादी असते तिच्यात जन्मजात हृदयदोषापासून दातांच्या किडीपर्यंत सुमारे तीस व्याधींची नावे आहेत. त्या यादीच्या अखेरीस, एकमेकांपासून फारशी दूर नसलेली, दोन नावे आढळतात. एक सिकलसेलचे, आणि दुसरे अवधान-अभाव व अतिचंचलता या विकाराचे, ज्याला दवाखान्यात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात आता सर्रास ‘एडीएचडी’ असेच म्हणतात. पहिल्याशी या जिल्ह्याची ओळख जुनी आहे. त्याच्यासाठी बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला, आणि संशय आल्यास पुढची तपासणी केली, की प्रकरण निकालात निघते. दुसऱ्यासाठी असा थेंब नाही. रक्ताची तपासणी, मेंदूचा आलेख, स्कॅन यांपैकी कशानेही हा विकार आहे की नाही हे आज सांगता येत नाही, आणि जो कोणी तसे सांगून पैसे घेतो त्याच्यापासून चार पावले दूर राहावे हे उत्तम.

मग निर्णय कशावर करावयाचा? साक्षीपुराव्यावर. गारपीट झाल्यानंतर पटवारी जसा वावरात प्रत्यक्ष जातो, धुऱ्यावरच्या शेजाऱ्यांची जबानी घेतो, गेल्या वर्षीच्या पेऱ्याची नोंद पाहतो, आणि मगच पंचनाम्यावर सही करतो, तशीच काहीशी रीत येथे वैद्याला पत्करावी लागते. आणि या प्रकरणाचा सारा भर, मुलाला नाव चिकटवण्याआधी हा पंचनामा पुरा व्हावा, आणि तो पुरा झाल्यावर मात्र मदतीस एका दिवसाचाही विलंब होऊ नये, एवढ्या दोनच गोष्टींवर आहे.

विकाराची लक्षणे दोन गटांत मांडतात, आणि अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक गटात नऊ लक्षणे आहेत. पहिला गट अवधानाचा: हाती घेतलेले काम तडीस न जाणे, समोर बोलत असलेल्या माणसाकडे पाहूनही न ऐकल्यासारखे वागणे, पेन्सिल, वही, चप्पल नित्य हरवणे, बुद्धीला ताण देणारे काम टाळणे, क्षुल्लक चुका, विस्मृती. दुसरा गट चंचलतेचा व उतावळेपणाचा: हातापायांची चुळबुळ, बसल्या जागेवरून उठून जाणे, अखंड बोलणे, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर फेकणे, रांगेत आपली पाळी येईपर्यंत न थांबणे. नऊपैकी किमान सहा लक्षणे, आणि वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांत पाच, सहा महिन्यांहून अधिक काळ असली पाहिजेत. त्यांचा आरंभ बाराव्या वर्षापूर्वीचा असला पाहिजे. ती एकाहून अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. आणि त्यांच्यामुळे मुलाच्या अभ्यासाचे, मैत्रीचे वा घरच्या व्यवहाराचे खरोखर नुकसान होत असले पाहिजे. हे वाचून ज्याला आपल्या घरातील एखादे लेकरू आठवले नाही असा वाचक विरळा. परंतु लक्षणे सर्वांत थोडीथोडी असतात, आणि विकार ठरतो तो त्यांच्या प्रमाणावर, सातत्यावर आणि नुकसानीवर.

वरच्या अटींपैकी एकाहून अधिक ठिकाणांची जी अट आहे ती मला सर्वांत मोलाची वाटते. जो मुलगा केवळ गणिताच्या तासाला उंडारतो आणि एरवी घरी, मैदानावर, मामाच्या गावी शांत चित्ताने वावरतो, त्याच्या बाबतीत चौकशी मुलाची न करता गणिताच्या तासाची करावी. उलट जो शाळेत पाटीवरचे अर्धे वाक्य उतरवून थांबतो, घरी मिठासाठी किराणा दुकानात धाडल्यावर मिठाशिवाय परत येतो, आणि क्रिकेटमध्येही आपण क्षेत्ररक्षणास उभे आहोत हे विसरून पाखरे पाहत राहतो, त्याच्याबद्दल आईने ‘त्याले एक सांगा, अन् तो भलतंच करून येते बाप्पा’ अशी जी कैफियत मांडावी तिच्यात आणि शिक्षकाच्या तक्रारीत मेळ बसतो. आश्रमशाळेतील मुलांच्या बाबतीत एक अडचण अशी की घर दूर असते आणि आईबाप दिवाळी-उन्हाळ्यालाच भेटतात; पण पांढरकवडा व पुसद येथील आदिवासी विकास प्रकल्पांच्या अशा निवासी शाळांत दुसरा साक्षीदार आयताच हजर असतो, आणि तो म्हणजे वसतिगृहाचा अधीक्षक, किंवा त्याहूनही जवळचा, रोज पंगत वाढणारा कामाठी. कोणते पोर ताट अर्धे टाकून उठते, कोणाची वळकटी रोज विस्कटलेली असते, हे त्याच्याइतके मुख्याध्यापकांना ठाऊक नसते. मात्र त्याला विचारण्याचा शिरस्ता अद्याप पडलेला नाही.

पालकांना सर्वांत अधिक बुचकळ्यात टाकणारी गोष्ट ही की, अभ्यासात पाच मिनिटे न टिकणारे हेच मूल मोबाईलवरच्या खेळात, किंवा बंद पडलेली मोटार खोलण्यात, दोन तास तल्लीन होते. आणि मग ‘मनात असलं तर बसते, म्हणजे हा आळसच’ असा निष्कर्ष घरोघर निघतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्या कामात क्षणोक्षणी काही नवे घडते आणि फळ तत्काळ पदरात पडते, तेथे या मुलांचे अवधान खिळते. ज्या कामाचे फळ आठवड्याने, सहामाहीने वा दहावीला मिळावयाचे असते, तेथे ते सुटते. इच्छेने अवधान वळवणे, दूरच्या फळासाठी जवळचा मोह आवरणे, वेळेचा अंदाज धरणे, ही कामे मेंदूच्या पुढच्या भागातील जी यंत्रणा डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन या द्रव्यांच्या साहाय्याने पार पाडते, तिचीच वाढ येथे मंद असते. २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे घेऊन दाखवले, की मेंदूच्या बाह्यस्तराची जी जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी कमाल होते ती या मुलांत साडेदहाव्या वर्षाच्या सुमारास होते. वाढीचा क्रम तोच, पण तीन वर्षांचा उशीर. दहा वर्षांच्या मुलाकडून आत्मसंयमाच्या बाबतीत सात वर्षांच्या मुलाइतकी अपेक्षा धरावी, हा व्यवहारी धडा त्यातून निघतो, आणि एवढ्या एका धड्याने घरातली निम्मी रडारड थांबते.

हा विकार मोबाईलने जन्मास घातला, असे मानणाऱ्यांनी थोडा इतिहास चाळावा. स्कॉटलंडचा वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ सालीच अवधानाच्या विकारांवर एक प्रकरण लिहून ठेवले आहे. १९०२ साली लंडनच्या राजवैद्यक महाविद्यालयात जॉर्ज स्टिल यांनी दिलेल्या व्याख्यानांत या मुलांचे वर्णन अचूक होते, पण कारण सांगताना त्यांनी नैतिक संयमाचा अभाव असा शब्दप्रयोग केला, आणि मुलाच्या शीलावर ठेवलेला हा ठपका पुढे कित्येक दशके धुतला गेला नाही. १९३७ साली ऱ्होड आयलंडच्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी तपासणीनंतर होणाऱ्या डोकेदुखीवर उपाय म्हणून मुलांना एक उत्तेजक औषध दिले; डोकेदुखी राहिली बाजूला, पण तीसपैकी चौदा मुलांच्या अभ्यासात इतकी सुधारणा झाली की मुलेच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. उत्तेजक द्रव्याने चंचल मूल स्थिरावते, हे कोडे सुटावयास आणखी अर्धशतक जावे लागले. आनुवंशिकतेचा वाटा जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून सुमारे तीन चतुर्थांश ठरतो. आईचे लाड, साखर, टीव्ही यांच्यावर टाकलेला दोष पुराव्यात टिकलेला नाही.

जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला तर शंभर मुलांमागे सुमारे पाच हे प्रमाण निघते, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन. परंतु चाळिसांच्या वर्गात लक्ष नसलेली मुले दोनच असतात असे कोणता शिक्षक म्हणेल? दहा-बारा असतात. उरलेल्या आठ-दहांचे लक्ष कोठे जाते याचा शोध घेणे हा या चौकशीचा सर्वांत नाजूक आणि, यवतमाळसारख्या जिल्ह्यात, सर्वांत विस्तृत भाग आहे.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या पट्ट्यातील कोलाम पोडावरचे सहा वर्षांचे मूल घरी कोलामी बोलते, जी द्राविडी कुळातली भाषा आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागावच्या तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलते. गोंडांच्या पाड्यावर गोंडी. पहिलीच्या पहिल्या दिवशी हे मूल ज्या वर्गात बसते तेथे पुस्तकातली मराठी आणि, गुरुजी गावचे असले तर, वऱ्हाडी कानावर पडते. न समजणाऱ्या बोलण्याकडे चार तास लक्ष देणे प्रौढालाही अशक्य. हे मूल खिडकीबाहेर पाहते, शेजाऱ्याच्या खोड्या काढते, उठून जाते, आणि शिक्षकाच्या तक्त्यावर त्याच्या नावापुढे चार-पाच लक्षणांच्या खुणा विनासायास पडतात. म्हणून अशा मुलाची परीक्षा प्रथम त्याच्या बोलीत, त्याच्या बोलीतली गोष्ट सांगून घ्यावी. गोष्ट शेवटपर्यंत ऐकून ते ‘मग काय झालं?’ असे विचारत असेल, तर दोष अवधानाचा नाही.

त्यानंतर शरीर. पांढुरके पडलेले, धापा टाकणारे, दुपारी पेंगणारे मूल रक्तक्षयाचे असू शकते, आणि लोहाची कमतरता अवधानावर परिणाम करते. गोंड, परधान, कोलाम आणि इतरही अनेक समाजांत आढळणारा सिकलसेल असेल तर दुखण्यातच दिवस जातो. कान वाहत असणाऱ्या मुलाला शेवटच्या बाकावर अर्धेच ऐकू येते. अपस्माराचा एक प्रकार असा आहे की त्यात मूल पडत नाही, झटके देत नाही, दहा-पंधरा सेकंद टक लावून थबकते आणि पुन्हा जणू काही घडलेच नाही असे वागू लागते. हे दिवसातून अनेकदा घडले तर ‘कुठं लक्ष असते तुझं?’ हा प्रश्न त्याला वर्षानुवर्षे ऐकावा लागतो, आणि त्याचे औषध मात्र निराळे असते. कमी झोप, घोरणे, रिकामे पोट, डोळ्यांचा नंबर, थायरॉईड, यांचाही हिशेब घ्यावा.

घरातील दुःखाचा उल्लेख या जिल्ह्यात टाळून चालत नाही. ज्याच्या बापाने नापिकी आणि कर्जापायी जीव दिला, ज्याची आई कापूस वेचणीच्या मजुरीवर घर चालवते, किंवा ज्याला दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांबरोबर शाळा सोडावी लागते, ते मूल वर्गात बसून फळ्याकडे पाहील आणि त्याला काहीही दिसणार नाही. फरक ओळखण्याची खूण तारखेची आहे: विकार लहानपणापासून सोबत असतो, दुःखाने उडालेले लक्ष एका ठरावीक घटनेनंतर उडते. आरंभ केव्हा, हा प्रश्न म्हणूनच पहिल्या भेटीत विचारला पाहिजे.

वयाचा प्रश्नही वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली असे आढळले की वर्गातील सर्वांत धाकट्या, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना हे निदान जानेवारीतल्या मुलांपेक्षा तीस टक्के अधिक, आणि मुलींना सत्तर टक्के अधिक चिकटते. जवळजवळ एका वर्षाने लहान असणे हा रोग ठरतो तो असा. आपल्याकडे तर कित्येकांची दप्तरातली जन्मतारीख प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनीच जूनच्या आगेमागे घालून दिलेली असते. तेव्हा दाखल्यावरच्या वयावर विसंबून न राहता त्या वर्षी कोणता सण होता, थोरले भावंड केवढे होते, हे आजीला विचारून खरे वय काढावे.

आणखी एक गोष्ट कापसाच्या मुलखात लिहिणाऱ्याला वगळता येत नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातील सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि राज्य सरकारने मोनोक्रोटोफॉससह काही कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस ज्या सेंद्रिय-फॉस्फरस वर्गातले आहे, त्या वर्गातील कीटकनाशकांचे अवशेष ज्यांच्या लघवीत अधिक प्रमाणात होते अशा अमेरिकन मुलांत या विकाराचे प्रमाणही अधिक असल्याचे २०१० च्या एका अभ्यासात दिसले. संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे खरे. परंतु पंप घराबाहेर धुणे, रिकाम्या डब्यात पाणी वा धान्य न ठेवणे, आणि गर्भवती स्त्रीला व लेकरांना फवारणीच्या वावरापासून दूर ठेवणे यासाठी संपूर्ण सिद्धतेची वाट पाहण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

मुलींबद्दल थोडे, कारण त्यांच्याकडे कोणी तक्रार घेऊन येतच नाही. मुलगा बाकावरून उडी मारतो म्हणून त्याची वर्दी जाते; मुलगी शांत बसते, फळ्याकडे पाहते, आणि मनाने चार कोस दूर असते. तिच्यात बहुधा अवधानाच्या गटाची लक्षणे अधिक असतात, चंचलता कमी. ती कोणाला त्रास देत नाही, म्हणून ‘मंद आहे, पण गुणी आहे’ असा शेरा मिळवून सातवीपर्यंत पोचते, आणि मग शेरा ‘अभ्यासात गोडी नाही’ असा होतो. सातवीनंतर ज्या गावात शाळा नाही तेथे हा शेरा तिच्या शिक्षणाचा फैसला ठरतो.

आता मदतीकडे. शिक्षकाच्या हातात जे आहे त्याला पैसा लागत नाही, शिस्तीचा आग्रह थोडा निराळ्या जागी ठेवावा लागतो. मुलाला पहिल्या बाकावर, पण दाराखिडकीपासून दूर बसवावे. एका वेळी एकच सूचना, तीही नाव घेऊन, नजर मिळाल्यावर द्यावी. दहा गणितांचे पान देण्याऐवजी तीन द्यावीत, ती तपासावीत, मग पुढची तीन. चुळबुळ थांबवण्याचा प्रयत्न करू नये. तिला वाट करून द्यावी, म्हणजे हजेरीपट कार्यालयात पोचवणे, फळा पुसणे, खिचडीची ताटे मोजून आणणे ही कामे नेमकी त्यालाच सांगावीत. शाबासकी तत्काळ आणि बारीक गोष्टीची असावी. महिनाअखेरचे बक्षीस त्याच्या हिशेबात नसतेच. एक छोटी वही करावी, जिच्यात रोज दोन किंवा तीनच गोष्टींपुढे शिक्षकाने खूण करावी आणि घरी तिच्या बदल्यात त्याच संध्याकाळी काही मिळावे, मग ते आजोबांबरोबर वावरात जाणे असले तरी चालेल. मारणे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील सतराव्या कलमाने निषिद्ध आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला दोन मिनिटांनंतरचे फळ दिसत नाही त्याला उद्याच्या छडीचे भय दिसेल ही कल्पनाच तर्काला धरून नाही.

घरात नियम थोडे असावेत, पण आजचे उद्या बदलू नयेत. बाप ज्याला हसतो त्याच गोष्टीवर आई मारते, अशा घरात हे मूल सर्वांत अधिक बिघडते. वह्या-पुस्तकांची जागा एकच, झोपण्याची वेळ एकच, आणि सकाळच्या कामांचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावलेला, एवढ्याने दिवस पुष्कळ सुकर होतो. सहा वर्षांखालील मुलाला औषध न देता प्रथम आईबापांना हेच शिकवावे असा आजचा वैद्यकीय संकेत आहे.

औषधाविषयी या भागात दोन टोकांची मते ऐकू येतात, आणि दोन्ही चुकीची आहेत. मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध योग्य मुलांपैकी बहुसंख्यांत लक्षणे स्पष्टपणे कमी करते. ते बुद्धी वाढवत नाही आणि मुलाला गुंगीतही ठेवत नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे वर्तनोपचारापेक्षा अधिक कमी केली, तर दोहोंच्या संयोगाने औषधाची मात्रा कमी लागली. मात्र तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस गटांमधला फरक उरला नाही, हेही त्याच अभ्यासकांनी नोंदवले आहे. भूक मंदावणे हा याचा नेहमीचा दुष्परिणाम, आणि जेथे मुलांचे वजन आधीच बेताचे आहे तेथे तो किरकोळ मानता येत नाही. म्हणून सकाळची भाकर खाऊ घालून मग गोळी द्यावी, रात्रीचे जेवण थोडे उशिरा पण पोटभर असावे, आणि वजन, उंची, नाडी, रक्तदाब यांची नोंद दर भेटीस व्हावी. हे औषध कायद्याने शेड्यूल एक्स मध्ये असल्यामुळे मेडिकलवाल्याला चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि त्यामुळे तालुक्याच्या दुकानांत ते सहसा मिळत नाही. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाला हे बंधन नाही, पण त्याचा गुण यावयास काही आठवडे लागतात. मानसोपचारतज्ज्ञ गाठावयाचा तर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत यावे, आणि उमरखेडच्या माणसाला त्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर एसटीत बसावे लागते, म्हणजे मजुरीचा एक दिवस बुडतो. शाळा-तपासणीच्या पथकाने लिहून दिलेली चिठ्ठी घरात पडून राहते ती आईबापांच्या बेफिकिरीने, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

दाखल्याचेही तसेच. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जी एकवीस दिव्यांगत्वे नमूद आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, सिकलसेलही आहे. हा विकार नाही. म्हणून दहावीच्या परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर अमरावती विभागीय मंडळापुढे केवळ या निदानाची दरखास्त पुरत नाही. परंतु यांपैकी बऱ्याच मुलांत वाचन-लेखनाची अक्षमताही सोबत असते, आणि तिची तपासणी करून घेतल्यास त्या आधारावर सवलत मिळू शकते. ही तपासणी दहावीच्या जानेवारीत आठवते हे आपले दुर्दैव. ती आठवीतच व्हावी.

मूल मोठे होते तेव्हा बाह्य चंचलता बहुधा ओसरते, आणि ज्यांचा विकार राहतो त्यांच्यात ती आत शिरते. जगात प्रौढांमध्ये याचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास मानतात. असा प्रौढ मनुष्य आपल्या गावात कसा दिसतो? डवरणी अर्ध्यावर टाकून तो सोसायटीत खताची चौकशी करावयास जातो आणि तेथून भलत्याच कामाला लागतो, विहिरीवरची मोटार चालू राहते, ई-पीक पाहणीची मुदत टळते, डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतील व्याजसवलत मिळवण्यासाठी पीककर्ज ३० जूनपर्यंत भरावयाचे हे त्याला मे महिन्यात पाठ असते आणि जुलैत आठवते. नोकरी असल्यास ती वारंवार बदलते, मोटारसायकलचे अपघात अधिक होतात, राग भडकन येतो आणि तितक्याच लवकर विझतो. तंबाखूकडे हे लोक लवकर वळतात आणि सोडताना अधिक झगडतात. कारण निकोटिन थोडा वेळ का होईना अवधान सावरते, आणि ज्या जिल्ह्यात पानठेल्यावर घोटून दिलेला खर्रा दहाव्या इयत्तेच्या आतच हाती पडतो तेथे या गोष्टीचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. स्त्रीच्या बाबतीत तीच लक्षणे उतू गेलेल्या दुधात, बचतगटाच्या चुकलेल्या हिशेबात आणि सासूच्या टोमण्यांत दिसतात, आणि तिची समजूत अशी झालेली असते की आपण मुळातच निष्काळजी.

येथे एक इशारा देणे भाग आहे. या विकाराबरोबर नैराश्य अधिक आढळते, हे खरे. परंतु त्यावरून यवतमाळच्या शेतकरी आत्महत्यांचा उलगडा या विकाराने करू पाहणे हा शुद्ध अविचार होईल. पाऊस, कापसाचा भाव, बोंडअळी आणि कर्ज यांच्या जबाबदाऱ्या मेंदूतील द्रव्यांवर ढकलून कोणाचीही सुटका होऊ नये. ज्या कोणाच्या मनात जीव देण्याचा विचार येत असेल त्याला निदानाची वाट पाहावयास न लावता, २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलते करावे; तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

प्रौढाच्या तपासणीत जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली अठरा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, ज्यातील पहिले सहा चाळणीचे आहेत. पण केवळ प्रश्नावलीने भागत नाही, कारण लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीची आहेत हे सिद्ध व्हावे लागते, आणि चाळिशीच्या माणसाची त्या वयातली स्मृती भरवशाची नसते. म्हातारी आई हयात असेल तर तिची जबानी, आणि पेटीच्या तळाशी प्रगतिपुस्तक उरले असेल तर त्यावरचा शेरा, हे दोन पुरावे येथे उपयोगी पडतात. अनेकदा हा प्रौढ स्वतःसाठी आलेला नसतो. तो मुलाला घेऊन आलेला असतो, आणि डॉक्टर मुलाविषयी एकेक प्रश्न विचारू लागले की ‘हे तं माह्यंच चाललं आहे’ असे म्हणून खुर्चीत पुढे सरकतो. विकार घराण्यात चालतो हे ज्याला ठाऊक आहे असा वैद्य त्याच भेटीत बापाच्याही नावाने केसपेपर काढून घेतो, कारण तो पुन्हा येईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. उपचार सुटण्याची जी कारणे नोंदली जातात त्यांत खर्च असतो, अंतर असते, शेजाऱ्यांचे बोलणे असते. पण या विकारात तारीख विसरली हे एक कारण त्या सर्वांच्या जोडीला उभे राहते, आणि म्हणून पुढच्या भेटीची तारीख रोग्याच्या हातात चिठ्ठीवर न देता त्याच्या बायकोच्या मोबाईलमध्ये, गावच्या आशाताईंच्या वहीत, आणि शक्य झाल्यास मुलाच्या वर्गशिक्षकांकडे, अशा तिन्ही ठिकाणी नोंदवावी.